लाल फुल्या

मराठवाड्यात गौरींना गौरी म्हणत नाहीत; महालक्ष्म्या म्हणतात. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर त्या येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवतात आणि मूळ नक्षत्रावर जातात. त्या दोघी, थोरली आणि धाकटी. आमच्या घरी त्यांचे सारे काही करणाऱ्या आम्हीही दोघी, थोरली आणि धाकटी. बहिणी नव्हे, जावा. कोठ्यांत धान्य भरणे, मुखवटे बसवणे, सोळा भाज्या निवडणे, आंबील आणि कथली रांधणे ही कामे आमच्याकडे कधीचीच आली होती. एक काम मात्र सासूबाईंनी कुणाच्या हाती दिले नव्हते : महालक्ष्म्यांच्या मागे लागणारी कागदी कमान आणि तिच्याखालची आठ राघूंची झालर. ते त्यांच्या कात्रीचे काम होते.

तीन वर्षांपूर्वी, श्रावण सरत आला असताना, त्यांनी नेहमीप्रमाणे घोटीव कागदाची घडी मांडीवर घेतली, कात्री उचलली आणि बराच वेळ तशाच बसून राहिल्या. उजवा हात थरथरत होता. तो गेले वर्षभर थरथरत होता हे आम्हाला ठाऊक होते; चहाची बशी रोजच ते सांगत होती. कात्रीचा विचार मात्र आमच्या मनात आला नव्हता. कागद पुन्हा गुंडाळीत त्या म्हणाल्या, ‘‘यंदा बाजारातून आणा काहीतरी.’’

बाजारात मिळते. २०१८ साली राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आल्यापासून पुठ्ठ्याच्या आणि कागदाच्या तयार कमानी दुकानांत दिसू लागल्या. पण तयार कमान आणायची म्हणजे सासूबाईंचा हात थांबला हे चारचौघांत मान्य करायचे, आणि तशी घाई आम्हाला नव्हती. शिवाय घरात एक कापणारे यंत्र होते. थोरलीच्या मुलीने शुभेच्छापत्रे करण्यासाठी घेतलेले आणि ती पुण्याला शिकायला गेल्यावर कपाटावर धूळ खात पडलेले. दिसायला ते छपाईयंत्रासारखेच असते. फरक इतकाच की शाईच्या जागी सुईएवढे पाते असते. कागद एका चिकट चटईवर डकवून आत सरकवायचा. चटई पुढे-मागे होते, पाते डावी-उजवीकडे सरकते, आणि संगणकावर जी रेघ काढली असेल त्या रेघेवरून कागद कापला जातो. तालुक्याच्या गावात वाहनांच्या पाट्यांसाठी रेडियम कापून देणारी दुकाने असतात. त्या दुकानातल्या यंत्राचेच हे घरगुती धाकटे भावंड.

यंत्राला स्वतःची बुद्धी नाही, हे सर्वांनाच माहीत असते. आम्हाला ते निराळ्या रीतीने कळले. त्याची हकिकत सांगण्यासाठी हा लेख आहे.

आमचे घर मूळ जुन्या नांदेडातले. विष्णुपुरीला आम्ही नंतर आलो. गोदावरीवर धरण झाले, १९८१ साली अभियांत्रिकीचे महाविद्यालय आले, १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आले, आणि काळेश्वराच्या देवळासाठी ज्या गावाला यायचे त्या गावाच्या आसपास माणसे घरे बांधू लागली. वाड्यातून येताना सासूबाईंनी बरेच काही मागे ठेवले. एक कापडी पिशवी मात्र मांडीवर घेऊन त्या रिक्षात बसल्या होत्या. त्या पिशवीत कमानीचे खाके होते. जुन्या ‘मराठवाडा’ दैनिकाच्या पानांवर निळ्या शाईने काढलेल्या आकृत्या : अर्धी कमान, एक राघू, एक कमळ, वेलबुट्टीचा एक पट्टा. नेहमी अर्धेच, कारण कागद दुमडून कापला की उरलेले अर्धे आपोआप येते. खाका घोटीव कागदावर ठेवायचा, रेघांवरून सुईने टोचून खुणा उमटवायच्या आणि मग कापायला बसायचे. मोठ्या वळणांना कात्री, बारीक जागी दाढीचे पाते. राघूच्या पोटाखाली बातमीच्या मथळ्याचा तुकडा होता : ‘...ष्णुपुरी प्रकल्पा...’. तेव्हा हे नाव फक्त वर्तमानपत्रात वाचायचे होते. राघूला ठाऊक होते आणि आम्हाला नव्हते, असे आम्ही गमतीने म्हणत आलो आहोत.

हे खाके यंत्राला समजतील अशा रूपात आणायचे, इतके सोपे काम आम्ही हाती घेतले. आमच्यापैकी थोरली शाळेत गणित शिकवते आणि धाकटी शिवणकाम करते, त्यामुळे दोघींनाही हे काम आपल्याच अखत्यारीतले वाटले. शिवणकामात त्याला बेतणे म्हणतात. कापडाला कात्री लावण्यापूर्वी मापे, माया, उभा आणि आडवा धागा यांचा जो हिशेब मनात मांडायचा तो बेत. बेत चुकला तर चांगली शिलाई काही वाचवू शकत नाही.

पहिली पायरी स्कॅन करण्याची. वर्तमानपत्राचा पिवळा पडलेला कागद, काळी छपाई, तेलाचे डाग, हळदीची बोटे, निळी रेघ, आणि रेघेवर मध्येमध्ये लाल पेन्सिलीच्या लहान फुल्या. आम्हाला हवी होती निळी रेघ. संगणकाला सांगितले की निळे तेवढे ठेव आणि बाकीचे पुसून टाक. त्याने क्षणात पुसले. पांढऱ्याशुभ्र पडद्यावर एकटा राघू उभा राहिला तेव्हा आम्हाला मोठे काम केल्यासारखे वाटले. इतक्या वर्षांचा मळ आपण काढला!

दुसरी पायरी रेघेची वक्ररेषा करण्याची. संगणकाला आपणहून रेघ गिरवायला सांगितले तर तो हाताच्या प्रत्येक बारीक थरथरीवर एक बिंदू ठेवतो. एका पंखावर दोनशे बिंदू सहज होतात. पाते प्रत्येक बिंदूपाशी किंचित अडखळते आणि कागदाची कड कुरतडल्यासारखी येते. वस्तुतः त्या पंखाला चारच बिंदू पुरतात. १९५९च्या सुमारास सित्रोएन या फ्रेंच मोटार कंपनीत पॉल द कास्तेल्जो याने, आणि पुढे १९६०च्या दशकात रेनो कंपनीत पिएर बेझिए याने, मोटारीच्या पत्र्याची वळणे यंत्राला सांगण्यासाठी जी रीत बसवली तिचे सार एवढेच : वळण कुठे सुरू होते, कुठे संपते, आणि दोन्ही टोकांशी ते कोणत्या दिशेला किती ओढले जाते. बाकीचे वळण त्यातून आपसूक निघते. इंकस्केप या मुक्त आज्ञावलीत थोरलीने एकेक फालतू बिंदू काढून टाकला. चार बिंदूंवर राघूचा पंख तंतोतंत बसला तेव्हा ती म्हणाली की सासूबाईंनाही हे चारच बिंदू दिसत असणार. अधलेमधले त्या पाहतच नसतील.

तिसरी पायरी मापाची. वाड्यातली कमान पाच फूट रुंद होती. इथल्या भिंतीवर तीन फुटांपेक्षा जास्त मावत नाही. म्हणून आकृती साठ टक्क्यांवर आणली. अर्धी कमान अठरा इंचांची झाली, बारा इंच रुंद आणि चोवीस इंच लांब चटईवर ती बसली. आरशातल्यासारखी उलटी प्रत काढून दुसरा अर्धा भाग तयार झाला. मध्यभागीच्या सांध्यावर कमळ येईल अशी योजना केली. सारा बेत कागदावर, म्हणजे पडद्यावर, निर्दोष होता.

वजिराबादेतून लाल आणि हिरवी कार्डशीट आणली. यंत्र सुरू केले. अर्धी कमान झाली असेल नसेल तोच वीज गेली. वीज आली तेव्हा आपण कुठवर आलो होतो हे यंत्राला आठवत नव्हते. त्याने पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला, केसभर बाजूने. तो कागद फुकट गेला. दुसरा घातला. तो पूर्ण कापून झाला आणि आम्ही चटईवरून कागद हळूच उचलू लागलो. राघूचा पंख चटईवरच राहिला. मग डोळा. मग चोच. वेलीची पाने तर एकेक करून गळाली. आमच्या हातात आली ती एका कमानीची बाह्यरेषा, आणि चटईवर पडलेला सुमारे शंभर तुकड्यांचा एक अतिशय अचूक कापलेला कचरा.

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी चटईकडे पाहिले, मग पडद्यावरच्या स्वच्छ राघूकडे. ‘‘माझ्या फुल्या कुठं गेल्या?’’

त्या फुल्या आम्हाला चुका वाटल्या होत्या, किंवा मुलांनी केलेल्या रेघोट्या. निळी रेघ अखंड होती, कारण राघूचे रूप अखंड असते. फुली जिथे होती तिथे कात्री उचलायची होती. तेवढा नखभर कागद सोडून पलीकडून पुन्हा कापायला लागायचे. त्या नखभर जागेवर पंख अंगाला धरून राहतो. रेघ म्हणजे राघू कसा दिसतो, आणि फुली म्हणजे राघू कशाने टिकतो. आम्ही पहिले ठेवले आणि दुसरे मळ म्हणून पुसून टाकले.

‘‘कापायला काय, कुणालाही येतं,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘राखायचं कुठं ते बघा.’’

कागद कापण्याची कला जिथे जिथे आहे तिथे तिथे हा प्रश्न आला असणार. मथुरा-वृंदावनच्या सांझीत कागदी साच्यातून रंग सोडून चित्र उमटवतात. त्या साच्यातही सुटा पडेल असा भाग कुठे ना कुठे धरून ठेवावाच लागतो. जपानमध्ये इसे भागात कापडावर नक्षी उठवण्याचे कागदी साचे करीत. त्यांच्या नक्षीत जोड ठेवायलाही जागा उरत नसे, म्हणून दोन कागदांच्या मध्ये रेशमाचे बारीक धागे घालून तुकडे जागच्या जागी धरीत. चीनमधील कागदकापाची कला युनेस्कोने २००९ साली मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. तिथल्या आज्यांच्या खाक्यांवर कोणत्या रंगाच्या फुल्या असतील, असे आम्हाला आता कुतूहल वाटते.

मूळ खाके पुन्हा बाहेर काढले आणि सासूबाईंना मध्ये बसवून आम्ही एकेक फुली विचारू लागलो. तेव्हा लक्षात आले की सगळ्या फुल्या एकदम मारलेल्या नाहीत. काही गडद, काही फिकट, काहींच्या शेजारी बारीक आकड्यात साल. जिथे कागद फाटला तिथे पुढच्या वर्षासाठी फुली. शेपटीच्या मुळाशी एक होती : दमट हवेत कागद मऊ पडला आणि शेपूट लोंबली. कमळाच्या देठाशी एक : कुणा लेकराने ओढले. कमानीच्या अगदी माथ्यावर एका फुलीशेजारी ९३ लिहिले होते.

ते आम्ही विचारायला नको होते, किंवा विचारले ते बरेच झाले. १९९३ साली अनंत चतुर्दशी २९ सप्टेंबरला होती. महालक्ष्म्या उठल्या तरी सासूबाई कमान गणपती बोळवेपर्यंत भिंतीवर ठेवीत; ती रात्रभर तशीच राहिली होती. ३० सप्टेंबरच्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास वाडा हलला. सगळे अंगणात धावले. उजाडल्यावर आत येऊन पाहतात तो कमान खाली पडलेली, माथ्यावर दुभंगलेली. थोड्या वेळाने रेडिओवर किल्लारीचे नाव आले. ‘‘तिकडं गावंच्या गावं गेली,’’ सासूबाई म्हणाल्या, ‘‘माझा तर कागद फाटला होता. त्याचं काय एवढं? पण हातात पेन्सिल होती, फुली मारली.’’ त्यानंतर माथ्यावरचा जोड त्यांनी दुप्पट रुंद ठेवला. आम्ही लग्न होऊन या घरात आल्यापासून तो रुंद माथा पाहत होतो आणि त्याला नक्षीचाच भाग समजत होतो.

वाङ्मयाच्या अभ्यासकांना यात नवे काही वाटणार नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि ते १९६६ साली पुरे झाले. त्या आवृत्तीत वर शुद्ध केलेला पाठ आहे, आणि खाली पानोपानी वगळलेले पाठभेदही आहेत. संपादकाला एखादा पाठ प्रक्षिप्त वाटला म्हणून त्याने तो नष्ट केला नाही, तळटीपेत उतरवला. पुढच्या वाचकाला संपादकाशी भांडता यावे एवढी सोय त्याने राखली. आम्ही मात्र एका कळीसरशी आमच्या घरच्या पोथीची शुद्ध प्रत काढून तळटीपा फेकून दिल्या होत्या. स्वच्छ करणे आणि संपादन करणे यांतला फरक कळायला आम्हाला शंभर तुकडे वेचावे लागले.

मग बेत नव्याने मांडला. आता आमच्या फाईलला तीन थर आहेत. सर्वांत खाली मूळ स्कॅन, छपाईसकट, हळदीच्या बोटांसकट, मथळ्याच्या तुकड्यासकट. त्यावर कापायच्या रेघा, फुलीपाशी तोडलेल्या. सर्वांत वर लाल फुल्या, आणि प्रत्येकीशेजारी सासूबाईंनी सांगितले ते एका ओळीत. वरचा आणि खालचा थर यंत्राला दाखवायचा नसतो. ते मधलाच वाचते. एसव्हीजी हा आकृत्यांचा प्रकार २००१ साली प्रमाण म्हणून जाहीर झाला. अशी फाईल मुळात साधा मजकूर असते. कोणत्याही संगणकावर उघडून वाचता येते. उद्या हे यंत्र मोडले आणि ही आज्ञावली कालबाह्य झाली तरी ‘इथे ९३ साली फाटले’ हे वाक्य कुणीतरी वाचू शकेल.

तरीही दुसरी कमान फाटली. यावेळी फुल्या होत्या, जोडही होते. पण आकृती साठ टक्क्यांवर आणताना जोडही साठ टक्क्यांवर आले होते. मुळात अडीच मिलिमीटरचा जोड दीडवर आला. राघू लहान झाला म्हणून कागदाचा दम वाढत नाही. धाकटीला हे आधीच सुचायला हवे होते. झबले बेतताना मापे लहान होतात, शिलाईची माया मात्र तेवढीच ठेवावी लागते. सारे जोड पुन्हा हाताने रुंद केले. कापण्याचा क्रमही बदलला : आधी डोळे आणि पाने, मग पंख, शेवटी बाहेरची रेघ. बाहेरची रेघ आधी कापली तर कागद सैल होऊन आतले काम सरकते. आम्ही हा शोध सासूबाईंना सांगायला गेलो. ‘‘आधी आतलंच कापतात की,’’ असे म्हणून त्या वाती वळू लागल्या.

कमानीखाली ‘शुभं भवतु’ ही अक्षरपट्टी असते. देवनागरीचा एक मोठा उपकार इथे लक्षात येतो : शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एका दांडीला लटकून राहतो. रोमन लिपीत प्रत्येक अक्षर सुटे पडले असते. मात्र संगणकात प्रत्येक अक्षर आपापला शिरोरेषेचा तुकडा घेऊन येते आणि दोन तुकडे एकमेकांवर चढतात. ते एकजीव केल्याशिवाय यंत्राला दिले तर ते प्रत्येक सांध्यावर पाते फिरवते. ते सारे निस्तरल्यावरही एक गोष्ट सुटीच राहते : भवरचा अनुस्वार. शिरोरेषेच्या वर तो अधांतरी असतो. आम्ही पट्टी उचलली, ‘शुभ भवतु’ हाती आले आणि शुभाचे टिंब चटईवर राहिले. सासूबाईंच्या खाक्यात त्या टिंबाला बारीक देठ होता. आमच्या डोळ्यांना ती इतकी वर्षे कळी वाटत आली होती.

एका बाबतीत मात्र आम्ही त्यांना चुकीचे ओळखले. झालरीचे आठ राघू त्या कागदाच्या आठ घड्या घालून एकदम कापीत. घड्यांना जाडी असते, म्हणून बाहेरचा राघू किंचित मोठा आणि आतला किंचित लहान येई. कोणतेही दोन सारखे नसत. यंत्राचे आठही राघू हुबेहूब एक. आम्हाला ते निर्जीव वाटले, आणि आकृतीत मुद्दाम थोडा फरक करावा काय, अशी चर्चा आम्ही त्यांच्यादेखत गंभीरपणे करू लागलो. त्यांनी झालर हातात घेतली, राघूवर राघू ठेवून पाहिले, पुन्हा पाहिले. चेहरा उजळला. ‘‘असं कामून बोलता? चाळीस वर्षं हेच तर जमंना मला. बारका राघू खांबाआड ढकलीत होते मी.’’ हाताच्या कामातले अवघडलेपण गोड मानायची चैन ज्यांना तो हात चालवावा लागत नाही त्यांची असते. यंत्र कुठे कमी पडते हे सांगायला आम्ही उतावीळ होतो. ते कुठे उपयोगी पडले हे मात्र त्यांनीच सांगितले.

त्या वर्षी ज्येष्ठा नक्षत्रावर कमान लागली. जवळ येऊन पाहणाऱ्या बायकांना सासूबाई माथ्यावरचा रुंद जोड दाखवीत होत्या. हात थरथरत होता, पण दाखवायला तेवढा पुरत होता.

हाताचे कौशल्य फाईलमध्ये उतरवता येते असे आम्ही म्हणणार नाही. आठ पदरांतून कात्री कशी वळवायची हे आमच्या तिन्ही थरांत कुठेही नाही, आणि ते आता कुठून येईल असेही वाटत नाही. राहिले ते इतकेच : कुठे कापायचे नाही, आणि ते का.

गेल्या वर्षी पाऊस लांबला. कार्डशीट दमट झाली आणि चौथ्या राघूची शेपूट उचलताना फाटली. आम्ही नवा कागद घातला, काम उरकले, आणि रात्री फाईल उघडून वरच्या थरात शेपटीपाशी एक लाल फुली मारली. शेजारी साल टाकले. त्या खाक्यावरची आमच्या हातची ती पहिली फुली. सासूबाईंना झोपण्यापूर्वी पडदा दाखवला. चष्मा लावून त्यांनी बराच वेळ पाहिले.

‘‘जरा अलीकडं पाहिजे होती,’’ त्या म्हणाल्या.

आम्ही ती अलीकडे घेतली.